केतकीचं बंद सिम

८ जाने., गुरु.
निखिलने माझ्यासाठी नवा फोन आणला. माझा वाढदिवस पुढच्या महिन्यात, पण आमच्या चिरंजीवांना दम कुठला. माझा जुना दुकानात देऊन टाकला, बदल्यात. "आई, टेन्शन नको, फोटो सगळे आणलेत. जुना पार पुसून दिलाय." पार पुसून! मी चहा टाकायच्या निमित्ताने आत गेले आणि ओट्याला धरून उभी राहिले. बाहेर येऊन म्हटलं, छान आहे रे. सूनबाई म्हणाली, कॅमेरा मस्त आहे. दोघं ऐरोलीला परत गेले.
साठेबाईंचे तीन ब्लाउज शिवायचे तसेच पडलेत.

९ जाने.
ब्लॉग मला ओळखत नाही. नाव विचारलं, केतकी लिहिलं, माझं तिथलं टोपणनाव. पासवर्डही बरोबर. मग म्हणतो, नवा फोन दिसतोय, तुमच्या नंबरवर सहा आकडे पाठवलेत, ते टाका.
कुठला नंबर? केतकीचा. ते सिम बंद पडून दीड वर्ष झालं.
हसावं की रडावं. अकरा वर्षं मी टिपा देत आले. माझ्यासारख्या ज्या बायका चोरून 'तसलं' लिहितात त्यांना. टीप क्र. १: या कामाला वेगळं सिम घ्या, घरचा नंबर कधी देऊ नका. त्या सिमला रिचार्ज मारत राहा, हे काही लिहिलं नाही. स्वतःही मारलं नाही. रोज आपोआप उघडत होतं, ओटीपी कधी मागितला नाही, मग कशाला, म्हणून सोडून दिलं. अक्कल गहाण.

१० जाने.
आज नीट आठवलं. डिसेंबरात ब्लॉगवाल्यांची नोटीस आली होती. प्रौढांसाठीचे सगळे ब्लॉग मालकाने आत येऊन 'हे माझं आहे' असं कबूल करायचं, नाहीतर ३१ जानेवारीनंतर काढून टाकणार. म्हटलं, लगीनसराईचं शिवण आटपू दे.
१४३ कथा. दुसरी प्रत नाही. या घरात कागदावर कुठे ठेवणार होते? निखिलच्या लग्नानंतर तर ब्लॉग 'फक्त मला दिसेल' असा करून टाकला. सूनबाई हुशार आहे, न जाणो. म्हणजे आता वाचकांकडेही कुणाकडे काही नाही. मीच कड्या लावल्या, एकेक करून.

१२ जाने.
खातं परत मिळवायचा फॉर्म. जन्मतारीख? खोटी दिली होती. कुठली खोटी, ते आठवत नाही. पहिल्या शिक्षिकेचं नाव? टीप क्र. ३: खरं उत्तर देऊ नका, ओळखीचं माणूस ओळखतं. मी काय दिलं असेल? 'आमटी', 'शिलाई', 'गप्प बस'. सगळं टाकून झालं. उत्तर आलं, हे खातं तुमचंच आहे याची आम्हाला खात्री करता आली नाही.
इतकी छान लपले की मलाच मी सापडत नाही. शाब्बास.

१४ जाने., संक्रांत
कोपरखैरण्यात आज घरोघर तिळगूळ. खालच्या मजल्यावर हळदीकुंकू, वाण म्हणून प्लास्टिकचा डबा. हसून हसून गाल दुखले.
दुपारी एक मुलगी मापाला आली होती, लग्न ठरलंय. टेप छातीभोवती असला की बायका खरं बोलतात. वीस वर्षांचा अनुभव. भीती वाटते म्हणाली. मी म्हटलं, वाटू दे. एरवी हिची कथा झाली असती. नाव वेगळं, गाव वेगळं.
लग्नाला एकोणतीस वर्षं. यांचा हात माझ्या पाठीवर शेवटचा पडला तो बाम चोळायला, आणि तोही मी मागितला म्हणून. वाईट माणूस नाहीत. तुर्भ्याच्या कंपनीत राबले, घर केलं, आता रिटायर. विचारत नाहीत, एवढंच. इथे जे झालं नाही ते मी तिथे लिहिलं. ते गेलं तर माझ्याकडे काय उरलं? हे मापांचं रजिस्टर. आणि त्याच्या मागच्या पानांवर हे.

१६ जाने.
एक गंमत. गंमत कसली. जुन्या फोनचा कीबोर्ड माझा शिकलेला होता. 'तिने' लिहिलं की तो पुढे 'पदर', 'श्वास', 'डोळे मिटले' असं सुचवायचा. टीप क्र. ६ त्यावरच होती: शिकलेले शब्द दर महिन्याला पुसा, नाहीतर नवऱ्याने 'दूध आण' लिहायला फोन घेतला तर पंचाईत. मी स्वतः कधी पुसले नाहीत. जीवच होईना.
नव्यावर 'तिने' लिहिलं. याने सुचवलं, 'सांगितले की'.
बाथरूममध्ये नळ सोडून रडले.

१८ जाने., रवि.
हे जेवताना: "डोळे का सुजलेत?"
"कांदा."
"आज कांदा नव्हता भाजीत."
एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा यांनी भाजीत काय आहे ते पाहिलं. मी ताक आणायला उठले.

१९ जाने.
ओटीपी आजवर पंधरावीस वेळा मागवला. आज डोक्यात आलं, हे आकडे जातात कुठे? केतकीचा नंबर लावून पाहिला. रिंग गेली! म्हणजे बंद पडलेला नंबर कंपनीने दुसऱ्या कुणाला दिला.
"कोन?" बाईचा आवाज, मागे नुसता कालवा.
म्हटलं, ताई, हा नंबर पूर्वी माझा होता. तुम्हाला सहा आकड्यांचे मेसेज...
"तूच गो ती! धा दिस झालं, नंबर पाटवतेस नि पाटवतेस. मी काय येडी हाय? बँकवाल्यानं सांगितलंय, बापाला पन सांगायचा नाय." ठेवला.
परत लावला. चौथ्यांदा उचलला. म्हटलं, फसवायचं असतं तर नाव-पत्ता सांगितला असता का, आणि खरं नाव-पत्ता सांगून टाकला. टीप क्र. २ मोडली. ती म्हणाली, मी हिराबाय, बेलापूरजवळ दिवाळे गावात मासळी विकते, काय ते तोंडासमोर येऊन बोल.

२१ जाने., बुध.
दिवाळ्याला जाऊन आले. घरी सांगितलं, अस्तर आणायला बेलापूरला चालले. हिराबाई माझ्याच वयाची असेल. कपाळावर मोठं कुंकू, समोर पाटीत कोळंबी आणि खाडीतल्या निवट्या. माझा नंबर तिच्या पोलक्यात, मोबाइलच्या आत. विचित्र वाटलं.
"काय हाय त्या नंबरात एवडं?"
मी म्हटलं, रेसिपी. अकरा वर्षं लिहिलेल्या.
तिने मला वरून खालपर्यंत पाहिलं. "रेसिपीसाटी कोन येवडं रडतं? खोटं बोलायचं तर घरी जा."
गिऱ्हाईक आलं, तिने तोंड फिरवलं. मी अर्धा तास उभी होते. शेवटी कोळंबी घेऊन परत. यांनी विचारलं, अस्तर कुठाय? म्हटलं, रंग मिळाला नाही.

२५ जाने., रवि.
कथांची नावं आठवून लिहायला बसले. एकोणसाठपर्यंत पोचले. पुढे काहीच नाही. ज्यांची नावं आठवली त्यांतही आत काय होतं ते धूसर. मी लिहिलेलं मलाच आठवू नये?
कधी वाटतं, जाऊ दे. लाज तरी सुटली. आज ना उद्या कुणाच्या हाती लागलंच असतं. मग अर्ध्या तासाने वाटतं, खाडीत उडी घ्यावी. तसं काही करणार नाही, साठेबाईंचे ब्लाउज शुक्रवारी द्यायचेत. पण वाटतं ते वाटतंच.
निखिलचा फोन. "आई, फोन कसा चाललाय?" म्हटलं, फार छान.

२८ जाने., बुध.
सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी तोंडाने सांगितलं.
बाराच्या सुमाराला बाजार ओसरल्यावर गेले. हिराबाई पाटी धूत होती. मी तिच्या शेजारी ओल्या फरशीवर बसले आणि एका दमात बोलून टाकलं. बाई-पुरुषाचं लिहिते. झोपायच्या खोलीतलं. चोरून. घरात कुणाला माहीत नाही. ते शनिवारनंतर पुसलं जाणार.
मला वाटलं, आता हाकलते.
"नवरा-बायकोचं?"
"बहुतेक करून."
"आन त्यात बाय पन बोलते, का नुसता बाप्याच?"
"तीच बोलते. तोच कमी बोलतो."
हिराबाईने हात पदराला पुसले, पोलक्यातून मोबाइल काढला आणि माझ्यापुढे धरला. "मना वाचता येत नाय बारीक. तूच बघ."
मी माझ्या फोनवर बटण दाबलं. तिचा फोन वाजला. सहा आकडे. टाकताना दोनदा चुकले. तिसऱ्यांदा बरोबर टाकले.
'या खात्यासाठी फार वेळा प्रयत्न झाले आहेत. ९६ तासांनंतर पुन्हा प्रयत्न करा.'
बोटांवर मोजलं. रविवार दुपार. १ फेब्रुवारी.
हिराबाई विचारत होती, झालं काय, झालं काय. इतके दिवस वेड्यासारखी ओटीपी मागवत बसले, त्याचं हे फळ. तिने त्या दिवशी तोंड फिरवलं नसतं तर... पण ती कशाला देईल? मीच खोटं बोलले.

३० जाने., शुक्र.
साठेबाईंचे ब्लाउज दिले. एकाचा गळा चुकला, पुढचा मागे. असं माझ्या हातून कधी झालं नव्हतं.
हिराबाईचा फोन आला. म्हणाली, घरात बसून काय करतेस, ये इकडं. गेले. का गेले माहीत नाही.
ती बोंबील साफ करत होती. "तोंडपाट नाय तुला एक पन? सांग एक."
भर बाजारात! पण शेजारची बाई उठून गेली होती आणि मला कुणाशी तरी बोलायचं होतं. सातवी कथा सांगायला लागले, ती सगळ्यांत लाडकी. एक बाई, पंचेचाळिशीची. नवरा रात्रपाळी करून सकाळी येतो, जेवतो, झोपतो. वर्षानुवर्षं तसंच. एक दिवस तो आल्यावर ती दाराला कडी लावते. पलीकडच्या खोलीत सासू. बांगड्या वाजू नयेत म्हणून ती एकेक काढून गव्हाच्या डब्यात ठेवते. मग त्याच्याजवळ जाऊन बसते.
हिराबाईचा कोयता थांबला होता. "मंग?"
मग ती त्याला काहीतरी म्हणते. एकच वाक्य. सगळी कथा मी त्या वाक्यासाठी लिहिली होती. वाचणाऱ्या बायकांनी त्याच वाक्याबद्दल लिहून कळवलं होतं, एकीने तर म्हणे ते नवऱ्याला म्हणून दाखवलं.
"काय म्हनते ती?"
आठवत नाही. जिभेवर नाही, डोक्यात नाही, कुठेच नाही.
"बरं, नसंल आटवत. आता सांग. तू असतीस तर काय बोलली असतीस?"
मी तोंड उघडलं. काही आलं नाही. शेवटी तिने बोंबलाची पिशवी माझ्या हातात दिली आणि पैसे घेतले नाहीत. बसस्टॉपवर रडले, लोक बघत होते, बघू देत.

३१ जाने., शनि.
आज शेवटचा दिवस. दिवसभर मशीनवर बसले. पायच हलवत राहिले, खाली कापड नव्हतं. हे दोनदा दारात येऊन उभे राहिले, काही बोलायचं होतं बहुतेक. मी वर पाहिलं नाही. ते गेले.

१ फेब्रु., रवि.
नोटिशीत 'नंतर' लिहिलंय. नंतर म्हणजे बाराच्या ठोक्याला की आठवड्याने, कुणी सांगावं. तिथेही कुणी माझ्यासारखं काम तुंबवून बसलेलं असेल. असंही वाटतं, मूर्खासारखी आशा धरू नये. दोन्ही वाटतं.
दुपारी साडेबाराला बटण दाबलं. चाललं. हिराबाईचा फोन लगेच, मागे रविवारचा सगळा बाजार ओरडतोय. "आला गो. नातवाला वाचाया लावते, लिवून घे."

४ ० ७ ७ १ ९

"टाकलास का? हाय का सगळं?"
म्हटलं, टाकते, मग सांगते. ठेवला.
हे आकडे दहा मिनिटं चालतात. त्यातली चार-पाच एवढं लिहिण्यात गेली. हे बाहेर पेपर वाचतायत, पान उलटल्याचा आवाज येतोय. सातव्या कथेतलं ते वाक्य तिथे असेल किंवा नसेल. टाकले की लगेच कळेल.
अजून टाकले नाहीत.