थांबल्यावर वाजणारी छाती

वाळवे, ता. ९ नोव्हेंबर १९६४

तीर्थस्वरूप लालामामांस, तुमच्या नाथाजीचा साष्टांग नमस्कार. (एका दमात लिहितोय, काळजी नसावी.) मामींचे गुडघे कसे आहेत? मुक्ताची खुशाली कळवावी.

मला क्षय झाल्याची बातमी शिराळ्याला पोचली आणि तुम्ही मुक्ताचं माझ्याशी ठरलेलं लग्न लांबवलंत, असं आईकडून कळलं. तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. हे पत्रही निम्मं उंबऱ्यावर, निम्मं गोठ्यात लिहिलंय (डाग शेणाचा आहे, औषधाचा नाही).

मामा, मैलोन्‌मैल पळताना मला काही होत नाही. थांबलो की पाचेक मिनिटांनी छातीत पिपाणी वाजायला लागते आणि आत गेलेला श्वास बाहेर यायचं नाव घेत नाही. पण कुणालाही दाखवायला जावं तर आधी दोन तास बाकड्यावर बसावं लागतं, आणि तोवर छाती शांत. एका डॉक्टरांनी यकृत बिघडल्याचं सांगून कडू बाटली दिली, दुसऱ्यांनी लग्न करा म्हणून सांगितलं (हे औषध तुमच्याच हातात आहे), वैद्यांनी दही, केळी, शेंगा बंद केल्या, आणि कोंडीबाकाकांनी धोतऱ्याचा धूर दिला, त्यानं मी दिवसभर भलतंसलतं बडबडत होतो. शेवटी मिरजेला छातीचा फोटो काढायला गेलो, तिथं तुमच्या गावचं कुणीतरी भेटलं, आणि मला क्षय तिथंच लागला. फोटो स्वच्छ निघाला, पण ते सांगायला कुणी शिराळ्याला गेलं नाही.

मग सांगलीच्या एका डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पळून या." मी तसाच उघडा, अनवाणी बाहेर पडलो. बाकड्यावरच्या मंडळींना वाटलं, गडी सुईला भिऊन पळाला. दोघं मागे लागले. पेठेतल्या लोकांना वाटलं चोर, मग वीसेक जण झाले. ("आरं धरा त्येला, लय पळतंय बेनं!") खरं सांगतो, मागे माणसं असली की मला चेवच येतो. नदीपर्यंत जाऊन वळलो आणि सगळ्यांना घेऊन दवाखान्यात परत आलो. डॉक्टरांनी त्यांना गप्प बसवलं, माझ्या छातीला नळी लावली, आणि थोड्या वेळानं ओरडले, "वाजतंय!" क्षय नाही, दमा. त्यांनी सुई टोचली, छाती मोकळी झाली आणि मला रडू आलं. दोन वर्षं सगळे म्हणत होते पोरगं ढोंग करतंय. मलाही तसंच वाटायला लागलं होतं.

आता पळण्याआधी तासभर एक गोळी घ्यायची. साताऱ्याच्या बारा मैलांच्या शर्यतीला त्यांची परवानगी आहे. लग्नालाही आहे, मी मुद्दाम विचारलं.

तुमचा भाचा (जावई लिहायचं तुमच्यावर सोपवतो),
नाथाजी

ता. क. : डॉक्टरांनी विचारलं, घरात आणखी कुणाला? आबांकडे कुणालाच नाही. मग तुमचा पहाटेचा खोकला आठवला, तुम्ही तंबाखूवर ढकलता तो. डॉक्टर म्हणाले, मग हा दमा आजोळचा. म्हणजे ज्या कारणानं तुम्ही मुलगी अडवून धरलीत, ते तुमच्याच घरचं आहे.

आणखी एक : रागावू नका. दिवाळीत शेताकडची चढण चढताना तुम्ही मध्येच दगडावर बसलात, ओठ निळे पडले होते. मी पाहिलं आणि भीतीनं बोललो नाही. पुढच्या मंगळवारी सांगलीला या, तुमचं नाव सांगून आलोय. लग्नाचं नंतर बघू. धोतर मात्र घट्ट नेसून या, डॉक्टर कुणाचं ऐकत नाहीत.