दूधभात बंद केलाय, आई

आई, तुझा बोका अजून आहे. तू गेलीस तेव्हा सुपात झोपायचा, एवढासा होता. आता म्हातारा झालाय. मधे त्याला डायबिटीस झाला, माणसाला होतो तोच. हसू नकोस, मीही डॉक्टरीणबाईंसमोर हसलोच होतो.

मी तेव्हा तलासरीला एका टेम्पोवर होतो. त्याआधी वापीला, त्याआधी बोर्डीच्या वाडीत चिकू उतरवायला. ते काम मला आवडायचं, मान दुखायची पण झाडाखाली गार असायचं, आणि तिथला एक म्हातारा गुजरातीत अशा शिव्या द्यायचा की... जाऊ दे. सरावलीला घरी आलो, तर बोका बादलीत तोंड घालून पाणी पितोय, पितच राहिलाय. पाठीची हाडं वर आलेली, मागच्या पायांच्या टाचा जमिनीला टेकवून चालतोय. तुझ्यामागे शेजारच्या काकूनेच त्याला सांभाळलं. ती म्हणाली, "वय झालं त्याचं." मला पटेना. पाटीत घालून डहाणूला नेला.

डॉक्टरीणबाईंनी कान टोचून थेंबभर रक्त काढलं. म्हणाल्या, "मांजरांचं एक बरं असतं. लवकर धरलं तर काहींची सुई सुटते, सगळ्यांची नाही. भात बंद, दूध बंद. मी देते ते डब्यातलं खाणं आणि उकडलेली कोंबडी. सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन, वेळेवर." काकूला हे सांगितलं तर ती खो खो हसली. "वेळेवर? तू? तुला कधी एसटी तरी वेळेवर मिळाली का रे?" तरी बाटली तिच्याच फ्रिजमध्ये ठेवली. "मेल्या, माझ्या लोणच्याला मांजराचं औषध चिकटवतोस!" असं रोज ओरडायची.

टेम्पो सोडला. सुई टोचायला शिकलो, मानेमागची कातडी चिमटीत धरून. पण साखर काही उतरेना. डॉक्टरीणबाईंनी डोस वाढवला, मग आणखी थोडा. मग काकू लेकीकडे विवळवेढ्याला जत्रेला गेली आणि दुसऱ्या सकाळी बोका उभाच राहीना. मान लुळी, अंग थरथरतंय, डोळे माझ्याकडे, पण बघत नाहीत. साखर खाली गेली की असं होतं, हे बाईंनी आधीच बजावलं होतं. बोटाने त्याच्या हिरड्यांना मध चोळला आणि रिक्षा धरली. आई, त्या रिक्षात मी तुला किती हाका मारल्या ते रिक्षावाल्याला विचार.

वाचला. बाईंनी विचारलं, "खाण्यात काय बदललं?" मी म्हटलं, काहीच नाही. काकू परत आली, पाटीत निपचित पडलेला बोका बघितला आणि तिच्या तोंडून निघालं, "मग याचा दूधभात कोण बघत होतं?" रोज संध्याकाळी, आपल्या ताटातला पहिला घास दुधात कालवून ती त्याला घालत होती. त्या भातावर आम्ही डोस वाढवत गेलो, आणि ती गेल्यावर भात गेला, डोस राहिला. मी भडकलो, तर तीच रडायला लागली. "तुझी आई सांगून गेलेली, बोक्याला घास काढल्याशिवाय जेवू नको. मेलेल्या बाईचा शब्द मी कसा मोडू? तुला मोडायचा तर तू मोड."

म्हणून लिहितोय. मी मोडला. काकू अजून घास काढते, पण कोंबडीचा, सोमवारीसुद्धा, नाक धरून. साखर उतरत गेली तसा बाई डोस कमी करत गेल्या. बोका परत पंजांवर चालायला लागला, काल काकूच्या ओट्यावर चढून बांगडा पळवला. शिव्या घालताना ती आनंदाने नुसती फुलली होती. आणि मागच्या महिन्यात बाई म्हणाल्या, "सुई बंद करून बघू. साखर परत येऊ शकते, कान टोचून तपासत राहा." अजून तरी आलेली नाही.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाहीये, म्हणून सांगतो. बाई "बंद" म्हणाल्या तेव्हा मी विचारलं, थोडी तरी चालू ठेवता येणार नाही का. सुई होती तोवर "अजून इथेच?" असं कुणी विचारलं की मी बोक्याकडे बोट दाखवायचो. परवा टेम्पोवाल्याचा फोन आला, येतोस का म्हणून. म्हटलं, जमणार नाही, बोक्याचा कान तपासायचा असतो. आठवड्यातून एकदाच असतो, हे मात्र त्याला सांगितलं नाही.