फेट्यातला मल्हार आणि चादरीतली मी

सोलापूर, सोमवार

प्रिय शुभदा मावशी,

बुद्धप्रियाचा सविनय जयभीम. इकडे आईची पाठ आणि बाबांचा स्वभाव सोडला तर सगळं ठीक आहे. मस्कतच्या लिफ्टमुळे तुझ्या गुडघ्याला आराम पडला असेल, असं धरून चालते.

व्हिडिओचं तुझ्या कानावर आलंच असेल. चूक माझी आहे, तेव्हा ती माझ्याच अक्षरात वाच (टपालाला उशीर होईल, म्हणून पत्राचा फोटो पाठवते आहे). तुमच्या सोलापूरकर मंडळाने आमच्या संस्थेला कळवलं, की स्नायू दुबळे करत नेणाऱ्या त्या दुर्मीळ जन्मजात आजाराच्या मुलांसाठी येत्या शुक्रवारच्या मेळाव्यात मदत गोळा करू. एखाद्या मुलाचा दोन मिनिटांचा व्हिडिओ पाठवा. सात रस्ता चौकातल्या आमच्या ऑफिसात सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी घरातली पहिली पदवीधर (बाबांनी पदवी फ्रेम करून टीव्हीच्या वर लावली आहे, त्यामुळे पाहुण्यांना आधी मी दिसते, मग बातम्या). मी भाषण लिहिलं, पाठ केलं आणि सहकारी अपेक्षाला घेऊन एसटीने मंगळवेढा गाठलं.

तिथला मल्हार अकरा वर्षांचा. दोन वर्षांपूर्वी त्याचं चालणं थांबलं आणि पाठोपाठ शाळाही, कारण त्याला उचलून नेणाऱ्या वडिलांना, बाळासोंना, मेंढरांमागे जावं लागतं. बॅटरीवरची खुर्ची मिळाली तर शाळा पुन्हा सुरू होईल, एवढंच मागणं. पण परदेशातली माणसं आपल्याला बघणार म्हटल्यावर त्याच्या आईने, म्हाळसाबाईंनी, अंगण सारवलं, शेजाऱ्यांचा सोफा मागून आणला आणि पोराला गुलाबी फेटा बांधला. अगदी नवरदेव. मी (समाजकार्याची पदवी!) त्यांना समजावलं, की फेटा काढा, जुना शर्ट घाला, दुःख दिसलं पाहिजे. त्या शांतपणे म्हणाल्या, "बाई, पावन्यांम्होरं कुनी फाटकं घालून बसतंय व्हय?"

यावर आमच्या अभ्यासक्रमात काही नव्हतं. मी तशीच सोफ्याशेजारी उभी राहून भाषण सुरू केलं आणि तिसऱ्या वाक्याला जे रडू फुटलं ते थांबेना. व्हिडिओ काढणाऱ्या अपेक्षाने मोबाईल काही खाली ठेवला नाही. मल्हार आईला म्हणाला, "आये, ताईला पानी दे की. लई तरास दिसतोय." म्हाळसाबाईंनी पाणी दिलं, आणि मंडळाच्या सत्कारासाठी आणलेली सोलापुरी चादर, मंडळ समोर नसल्यामुळे, माझ्याच खांद्यावर घातली. भर उन्हाळ्यात चादर पांघरून हुंदके देणारी मी, आणि शेजारी फेट्यातला हसरा मल्हार. असा व्हिडिओ मी (घाईत, न बघता) पाठवला.

तुमच्या चिटणिसांचं उत्तर आलं, की मुलीची अवस्था पाहून सभासद हेलावले. तिला किती वर्षांपासून त्रास आहे, आणि फेट्यातला मुलगा तिचा भाऊ का? दोघांनी माझ्या नावाने मदतही जाहीर केली. मी खुलासा केला, तर आता नवा व्हिडिओ हवा आहे, त्यात मुलगा जरा आजारी दिसावा. रागवायलाही मला तोंड नाही. आठवड्यापूर्वी मी हेच सांगत होते.

सर्वांना नमस्कार.

तुझी,
बुद्धप्रिया (पुढे पदवी लिहिण्याचं सध्या थांबवलं आहे)

ता. क. खरं काम हे. नवा व्हिडिओ मी काढणार नाही. शुक्रवारी तोच लावायला लाव, फक्त माझं रडणं कापून टाक, आणि आजारी कोण ते तू आधी उठून सांग. फेटा राहू दे.

ता. क. २. हे पत्र आत्ता फोनवर मल्हारला वाचून दाखवलं. तो म्हणतो, रडणं कापू नका. "ताईच्या नावानं येऊ द्या की खुर्ची. ताईला पाय हायत, मी बसतो."