योग्य ते सॉफ्टवेअर वापरावे

प्रिय मावशी,

नमस्कार. गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम करतेस, की काकांना करायला लावून तू नुसती मोजतेस? (फोनवर तू "मुद्द्यावर ये" म्हणतेस. इथं तुला मला मध्येच तोडता येणार नाही, म्हणून पत्र.)

आठवडाभर माझं डोकं तापलेलं आहे. डोळ्यांनी वाचता येत नाही अशांसाठी पुस्तकं रेकॉर्ड करायचं आमचं मोफत सॉफ्टवेअर तुला ठाऊकच आहे. त्यावर तूच सतरा प्रकरणं वाचून दिलीस. आम्ही अकरा जण ते आपापल्या घरून सांभाळतो, आणि ते वापरायचं कसं हे सांगणारं पान मी लिहिते. आमच्या सॉफ्टवेअरला सगळं येतं, पंख्याची घरघर तेवढी काढता येत नाही. म्हणून मी पानावर एक ओळ लिहिली होती: घरघर काढायला अमक्या कंपनीचं सॉफ्टवेअर घ्या, इथून घ्या, हे बटण दाबा. चार वर्षं ती ओळ कुणाला खुपली नाही.

मग ती नियमवाल्यांना दिसली. (निवृत्त इंजिनियर आहेत. गटात सगळे त्यांना नियमवाले म्हणतात, आणि त्यांना ते आवडतं.) त्यांचं म्हणणं, आपलं सॉफ्टवेअर खुलं, कुणीही आतून उघडून पाहावं असं, मग आपल्या पानावर परक्या कंपनीच्या बंद डब्याची शिफारस कशाला? उद्या त्यांनी गाशा गुंडाळला तर जबाबदार कोण? मी लिहिलं, उद्या तुम्हीही गट सोडाल, म्हणून तुमचं नाव आजच काढू का? चौथ्या दिवशी माझी ओळ गेली. तिच्या जागी आलं, "आवाज स्वच्छ करण्यासाठी योग्य ते सॉफ्टवेअर वापरावे."

योग्य ते म्हणजे कोणतं, हे ज्याला कळतं तो आमचं पान वाचायला कशाला येईल, मावशी? असं पान कुणी हौसेनं उघडत नाही. काम अडलंय, शेजारी विचारायला कुणी नाही, असा थकलेला माणूस तिथं येतो, आणि आपण त्याला सांगायचं, योग्य तो माणूस गाठा. व्हायचं तेच झालं. अंध मुलांच्या शाळेतल्या एका बाईंनी शोधाशोध केली, पहिलं दिसलं ते उतरवून घेतलं, आणि आता त्यांच्या इतिहासाच्या पुस्तकात दर दहा मिनिटांनी गादीची जाहिरात लागते. (मुलं म्हणे गादीचीच वाट बघतात.) बाईंनी मला फोन केला. "तुमचं चुकलं असं नाही म्हणत हो, मलाच कळलं नसेल," म्हणाल्या. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मी तो सगळा फोन गटात लिहून टाकला, गादीसकट. नियमवाले म्हणाले, एका उदाहरणावरून धोरण ठरत नाही. मी म्हटलं, मग मतं घ्या.

काकांना नमस्कार सांग.

तुझी,
भाची

ता. क. मतं झाली. सात विरुद्ध चार. माझी ओळ परत आली.

ता. क. २. ती काल मीच काढली. त्या कंपनीची नवी आवृत्ती आली आणि जुन्या फायली उघडेनाशा झाल्या. नियमवाल्यांना अजून कळवलेलं नाही. धीर गोळा करतेय.

ता. क. ३. तुझी सतरा प्रकरणं त्या न उघडणाऱ्या फायलींतच आहेत. शेवटचा हात फिरवायचा राहिला होता. मूळ रेकॉर्डिंग मी पुसलं, कारण "घरघर काढून झाल्यावर मूळ फाईल पुसून जागा मोकळी करावी" असं त्या पानावर लिहिलंय, आणि तेही मीच लिहिलंय. पुन्हा वाचशील का? मी येऊन दाराशी बसेन, कुणाला बेल वाजवू देणार नाही. आठव्या प्रकरणात तुला मध्येच हसू फुटलं होतं. ते मी घरघरीबरोबर काढून टाकलं होतं. या वेळी आलं तर येऊ दे, मी ठेवेन.