पत्नीचे मुख आणि चार वाद

६ जानेवारी १९१३, सकाळ.
संकल्प. कन्या नोएमी ८ मार्चला ल हाव्र बंदरातून बोटीने ब्वेनोस आयरेसला नवऱ्याकडे कायमची जात आहे. तिची मागणी एकच : सोबत न्यायला आईचे चित्र, चेहऱ्यासकट. पॅरिसच्या शाळेत पंचवीस वर्षे चित्रकला शिकवणाऱ्या पित्यास यात कठीण ते काय? बिंदुवादी पद्धत निश्चित केली आहे. रंग पाटीवर कालवायचे नाहीत. शुद्ध रंगांचे ठिपके शेजारी शेजारी ठेवायचे, मिश्रण प्रेक्षकाच्या नेत्राने करावे. पाठीशी शास्त्र असल्याने घाईचे प्रयोजन नाही.

१९ जानेवारी.
डाव्या खालच्या कोपऱ्यातून आरंभ केला. तेरा दिवसांत पत्नी क्लोतिल्दचा डावा बूट सिद्ध. सुमारे चार हजार ठिपके. क्लोतिल्द म्हणाली, अहो, पोरीनं मला बुटावरून आठवायचं का? शास्त्र खालून वर चढते, असे मी सुनावले. त्यावर ती म्हणाली, मग त्याला म्हणावं, जरा भरभर चढ. बोट थांबायची नाही.

२ फेब्रुवारी, रविवार.
मोंपार्नासच्या कॅफेत सहाध्यायी फ्युल्जाँस भेटला. हा वर्षाकाठी एक चित्र विकतो आणि उरलेले दिवस मते वाटतो. म्हणाला, ठिपके? अरे बाबा, ठिपके कधीच वारले, तू आता समाचाराला आलास होय? सध्या रंग डोळ्याला दिसतो तसा नव्हे, तर अंतःकरणाला भासतो तसा लावतात, आणि अशा चित्रकारांना रानटी म्हणतात. मी स्वभावतः रानटीच. बूट पुसला.

९ फेब्रुवारी.
मुख हिरवे, नासिका नारिंगी, भावना प्रामाणिक. नोएमी येऊन पाहून गेली. म्हणाली, बाबा, बोट मला लागायचीय, आईला आत्तापासून कशाला? दोघी पोट धरून हसल्या. मला राग आला नाही. तसे मनात काहीच आले नाही. सर्व खरडून काढले.

१६ फेब्रुवारी.
फ्युल्जाँसच्या मते रानटीही आता पेन्शनीत निघाले. आता घनवाद. वस्तूकडे एकाच जागी उभे राहून पाहणे हे भ्याडपणाचे लक्षण. समोरून, बाजूने, पाठीमागून एकसमयावच्छेदेकरून पाहावे आणि पैलूंत मांडावे. क्लोतिल्दभोवती तासभर प्रदक्षिणा केली. ती म्हणाली, बसा की हो आता, मला गरगरायला लागलंय.

२३ फेब्रुवारी.
तपकिरी व करडा. इतर वर्ण वर्ज्य. पाठ उत्तम साधली आहे. अंबाडा तीन बाजूंनी आला. मुख मात्र कोणत्याच पैलूत सापडत नाही. गुडघ्याच्या आसपास शोधणे आहे.

२ मार्च.
साक्षात्कार! फ्युल्जाँस सांगतो, आता रंगवण्याचेही कारण उरले नाही. वर्तमानपत्र, भिंतीचा कागद, हाती येईल ते कापून डकवायचे. वास्तवाची प्रतिमा नव्हे, वास्तवच. केवढी सोय! मुखाच्या जागी शोभेल असा कागद टेबलावरच मिळाला : जाड, फिकट निळा, ठसठशीत अक्षरे, कोपऱ्यात चिमुकले जहाज. सरसाने पक्का बसवला, वर वार्निशचे दोन हात. मातेचे वात्सल्य आणि कन्येचा वियोग एकाच आयतात. चित्र पूर्ण.

३ मार्च.
तो कागद म्हणजे नोएमीचे बोटीचे तिकीट. हे मला ठाऊक होते. त्याचा अन्य काही उपयोग असतो, हे सुचले नाही. नोएमी ओरडली नाही. खुर्चीत बसली आणि म्हणाली, बाबा, एवढं एकच मागितलं होतं. क्लोतिल्दने किटलीची वाफ देऊन पाहिली. वार्निश उत्तम प्रतीचे निघाले.

८ मार्च, ल हाव्र.
चित्र चौकटीसह आगगाडीतून आणले. खिडकीवरचा कारकून म्हणाला, अहो, तिकीट मागितलं, भिंत नाही. त्याने चाकू घेतला. रचनेचा तोल सांभाळा, अशी मी विनंती केली. त्याने सांभाळला नाही. कापलेला तुकडा मुठीत घेऊन नोएमी आईपाशी गेली, दोन्ही हातांत तिचे तोंड धरून पाहत राहिली. भोंगा वाजला. चित्र नेतेस ना, असे विचारले. म्हणाली, नको बाबा, त्यात आई कुठाय?
मध्यभागी भोक असलेली रचना ही नवी दिशा ठरू शकेल. फ्युल्जाँसला विचारणे.

१५ मार्च.
क्लोतिल्द एकटीच कोपऱ्यावरच्या फोटोवाल्याकडे जाऊन आली. फोटो परस्पर टपालात टाकला. मला दाखवला नाही. यंत्राच्या कामाला एवढा विलंब कशास, अशी मी पृच्छा केली. टोपी काढता काढता ती म्हणाली, यंत्राला नाही हो वेळ लागला. आधी तो दहा मिनिटं नुसता माझ्याकडे बघत होता.
तिचे डोळे कोणत्या रंगाचे आहेत, ते येथे नोंदवून ठेवावे म्हणून मान वर केली. ती स्वयंपाकघरात गेली होती.