मिशी उतरवली त्या दुपारी

बाबा, तुमची मिशी मी काढली हे तुम्हाला ठाऊक होतं. कशी काढली, ते मी कधी सांगितलं नाही.

डोंबिवलीच्या त्या लहानशा हॉस्पिटलात मी सिस्टर होते, म्हणून तुम्हाला तिथेच आणलं. तुम्ही चार दिवस "खोकलाच हाय, जाईल" करत घरी बसलेले, तोवर न्यूमोनिया दोन्ही फुप्फुसांत पसरलेला. आमच्याकडे आयसीयू नव्हतं. डॉक्टरांनी ठाण्याला, मुंबईला फोनवर फोन केले, पण खाट कुठेच रिकामी नव्हती. ऑक्सिजन पूर्ण सोडूनही तुमची नखं निळी. मग डॉक्टरांनी नुकतीच आणलेली पेटी बाहेर काढली. घशात नळी घालायची नाही, नाकातोंडावर मास्क पट्ट्यांनी आवळायचा आणि पेटी हवा जोराने आत लोटते. साध्या वॉर्डात, खिडकीजवळच्या खाटेवर, आम्ही ती पहिल्यांदाच लावत होतो. आणि तुमची मिशी आडवी आली. काय तिचा तोरा! रोज खोबरेल लावून पीळ द्यायचात. आरशासमोर आईपेक्षा जास्त वेळ तुम्हीच उभे. त्या मिशीखालून सगळी हवा फुसफुसत बाहेर येत होती. मी दोन्ही हातांनी मास्क दाबून धरला, तरी तेच.

"मिशी काढावी लागेल, सिस्टर," डॉक्टर म्हणाले. "शुद्धीवर आहेत, विचारून घ्या."

मी तुमच्या कानाशी वाकते. "बाबा, मिशी काढू ना? नाहीतर हवा आत जात नाय." तुम्ही डोळे उघडता. मान हलवता, डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. मी मागे वळून सांगते, "हो म्हणतायत." तुम्ही नकार का दिलात, ते मला पुरतं कळलं होतं. आपल्यात मिशी उतरवायची ती आईबाप गेल्यावर. आजोबांच्या वेळी उतरवली होतीत, आणि आजी तर घरी हिंडतीफिरती होती. ऑपरेशनआधी वापरायचा वस्तरा घेतला आणि दोन मिनिटांत काम उरकलं. मास्क चपखल बसला. संध्याकाळपर्यंत तुमची नखं गुलाबी झाली आणि मी बाथरूममध्ये जाऊन पोटभर रडले.

घरी आलात तेव्हा आजी ओटीवर बसली होती. तुमच्या तोंडाकडे बघतच राहिली. "कोनासाठी उतरवलीस रं? मी त जिती हाय." तुम्ही तिचे पाय धरलेत. तीन आठवड्यांत ती गेली. तिचं वय झालेलं, हृदय कधीचं थकलेलं, हे मी तुम्हाला नाना परींनी समजावलं, पण दहाव्याला न्हावी समोर बसला आणि उतरवायला धड मिशीच नव्हती. त्या दुपारचं तुम्हाला काही आठवत नव्हतं. लोकांनी सांगितलं तेवढंच, की तुम्ही हो म्हणालात. "माझ्या जिवासाठी मी आयला आधीच मेली धरली," असं म्हणायचात आणि जेवणावरून उठायचात. मिशी पुन्हा ठेवलीच नाहीत.

आजीच्या वर्षश्राद्धाला मी पानं वाढत होते. तुम्ही मला हाताला धरून खाली बसवलंत आणि हळूच विचारलंत, "मी लगेच हो बोललो का गो, का जरा तरी थांबलो?"

तेव्हा सांगायला हवं होतं. एका वाक्यात तुम्ही मोकळे झाला असतात. पण तुम्ही माझ्याशी बोलणं टाकाल, या भीतीने माझी जीभ रेटेना. "थांबलात, बाबा," मी म्हटलं. "बराच वेळ थांबलात." तुम्ही मान डोलावलीत आणि त्या दिवशी पोटभर जेवलात. पुढची नऊ वर्षं, अगदी जाईपर्यंत, तुम्ही तेवढ्यावरच काढलीत.

तुम्ही नाही म्हणाला होतात. मिशी काढल्याचं मला वाईट वाटत नाही, तुम्ही जगलात. पण आजीचं ते ओझं तुमचं नव्हतं, माझं होतं. हे तुमच्या हातात पडणार नाही, म्हणूनच लिहिता आलं. आज समोर येऊन बसलात आणि पुन्हा तेच विचारलंत, तर मी पुन्हा म्हणेन, थांबलात.