दुसऱ्या मजल्यावरची जागा

शिकागो, शनिवार, ११ जून १९६६

जागा गेली म्हणे! सकाळी फोनवर तर रिकामी होती. दुसरा मजला, हॉस्पिटल दहा मिनिटांवर. घरमालकीण म्हणाली, नर्स आहात ना, मग लगेच या. तासाभरात मी आणि ल्युशस दारात. आमचे काळे चेहरे पाहिले आणि बाईचा आवाजच बदलला. आत्ताच कुणीतरी घेतली, फार वाईट वाटतं, थंड काही घेणार का? — आणि माझा नवरा चक्क ‘आभारी आहे’ म्हणाला. परतताना मी त्याच्या दहा पावलं पुढेच चालत राहिले.

रविवार

अजून अंगाची लाही होतेय. दक्षिणेत, बर्मिंगहॅमला गोऱ्यांच्या खानावळीत बसले म्हणून पाच दिवस कोठडीत काढले. पण तिथे दारावर ‘फक्त गोऱ्यांसाठी’ अशी पाटी असायची. भांडायचं कशाशी, ते दिसत होतं. इथे पाटी नाही — सरबत विचारतात. आणि आम्ही सगळे काळे त्याच वीस गल्ल्यांत कोंबलेले! ‘उत्तरेत ये, इथे माणसासारखं जगता येतं,’ हे ल्युशसनेच पत्रात लिहिलं होतं. आज आठवण करून दिली. टोपी उचलून बाहेर निघून गेला.

मंगळवार, १४ जून

वॉर्डातल्या इर्माला सांगितलं. गोरी आहे, पण दोन वर्षं बरोबर काम करतोय; तिची आई आजारी होती तेव्हा तिचं सगळं मीच केलं. रागाने लाल झाली. म्हणाली, “थांब, मीच जाऊन बघते.”

बुधवार

जागा रिकामीच! इर्माला सगळ्या खोल्या दाखवल्या. वर सांगितलं, शेजार चांगला आहे, तसले लोक इथे येत नाहीत.

शुक्रवार, १७ जून

नगरपालिकेच्या कचेरीत तक्रार दिली. कायदा आहे, पण साक्षीदार हवा. इर्मा म्हणाली, “सोमवारी येऊन सही करते. तू एकटी नाहीस, ऑडेसा.”

घरी सांगितलं. ल्युशस टोपी हातात फिरवत म्हणाला, “तिकडे दक्षिणेत मान खाली घालून निघायचो. इथे येऊनही तेच केलं मी.” मग माझा राग गेला. त्याच्यावरचा.

सोमवार, २० जून

इर्मा आली नाही. वॉर्डात चौकशी केली — रजेवर.

गुरुवार, २३ जून

इर्मा कामावर आली. बँडेजच्या गुंडाळ्या लावत, माझ्याकडे न बघता म्हणाली, “तुला तशीही ती मिळाली नसतीच ना.”

त्या जागेत ती राहायला गेलीय.